ग्रॅज्युएशन इथे, एलएलबी इंग्लंडला : करावं का?

खटावकर_मामा : भाचीचं फर्ग्युसनमधून बी.ए. इकॉनॉमिक्स झालंय, आता इंग्लंडला एलएलबी करायचंय, ग्रॅज्युएट असलं की तिकडे तीन वर्षांचं एलएलबी दोन वर्षांत उरकतं. फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर, दाजी फ्लॅट तारण ठेवायला निघालेत. मला तर नसता उद्योग वाटतो. सीईटी द्यावी, पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज नाहीतर मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, तीन वर्षं, खर्च त्यामानाने किरकोळ.

टेम्सकाठी : नसता उद्योग कसला? बाबासाहेबांनीही बी.ए. एल्फिन्स्टनमधून केलं आणि बॅरिस्टर लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून झालेच की.

कोर्टाची_पायरी : अहो तेव्हा बॅरिस्टर होऊन आलं की मुंबई हायकोर्टात उभं राहता यायचं. आता दोन वर्षांच्या फॉरेन डिग्रीवाल्यांना बार कौन्सिल इथे परत दोन वर्षांचा ब्रिज कोर्स, म्हणजे इथल्या कायद्याचा पूरक अभ्यासक्रम, करायला लावते, त्यावरून हायकोर्टात केसेसही झाल्यात, आणि वर एआयबीई, म्हणजे वकिलीसाठीची अखिल भारतीय बार परीक्षा, आहेच. मग वेळ कुठे वाचला? आमच्याकडे एक ज्युनिअर आला होता तिकडून शिकून, पोरगा हुशार, पण सातबारा हातात दिला तर इतर हक्कातला बोजा कुठे बघायचा, फेरफार कुठून काढायचा, काही पत्ता नाही.

टेम्सकाठी : सातबारा इथल्या कॉलेजात तरी कितीजण धड शिकतात हो? तो सीनियरच्या हाताखालीच कळतो. आणि तिला तिकडेच सॉलिसिटर व्हायचं असेल तर? २०२१ पासून एसक्यूई ही सॉलिसिटर होण्याची परीक्षा आहे, कुठलीही डिग्री चालते, तिचे दोन टप्पे आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव.

खटावकर_मामा : कुठलीही डिग्री चालते तर एलएलबीला पैसे कशाला घालायचे, तुम्हीच तुमचा मुद्दा पाडलात राव 😄

टेम्सकाठी : पाडला कुठे? परीक्षा कुणीही देईल, तिथल्या लॉ फर्मने नोकरीला घ्यायला पाहिजे ना. व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या मोजक्या, त्या तिथल्या युनिव्हर्सिट्यांत येऊन आधीच पोरं हेरून ठेवतात, पुण्यात बसून कोण विचारतंय.

कोर्टाची_पायरी : आणि नाही घेतलं तर? शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसाही २०२७ पासून दीड वर्षावर आणतायत. मामा, पोरीला नक्की करायचंय काय?

खटावकर_मामा : क्रिमिनल म्हणते. इथलंच, पुण्यात.

कोर्टाची_पायरी : मग इंग्लंडला काय भारतीय न्याय संहिता शिकवणारेत? आधी शिवाजीनगर कोर्टात रिमांडच्या वेळेला नेऊन बसवा तिला, दुपारभर.

टेम्सकाठी : इथलंच क्रिमिनल करायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही. हे पहिल्याच वाक्यात लिहायचं होतं मामा.