सास्काचेवानमधल्या शेतकरी कुटुंबाचा जुना फोटो-संग्रह : साल, जागा आणि माणसं कशी ठरवायची?

प्रश्न : पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. कॅनडाच्या प्रेअरीवर, सास्काचेवानमध्ये गहू पिकवणाऱ्या एका कुटुंबाच्या फोटोंची सूची करायची आहे. काळ अंदाजे १९०५ ते १९३८. सगळे मिळून तीनशेच्या वर नग आहेत : काळ्या पानांचा एक अल्बम, पोस्टकार्डावर छापलेले फोटो, ५ × ७ इंची काचेच्या निगेटिव्ह आणि लिफाफ्यात कोंबलेल्या फिल्मच्या निगेटिव्ह. काही फिल्म पिवळ्या पडून चिकट झाल्या आहेत. थोडे निळ्या रंगाचे फोटोही आहेत.

मजकूर जवळजवळ नाहीच. एका फोटोच्या मागे फक्त ‘एनडब्ल्यू १४-३१-२४-डब्ल्यू२’ असं लिहिलंय. मळणीचे, घराचे आणि धान्याच्या एलेव्हेटरचे (रेल्वेकाठच्या उंच कोठारांचे) फोटो सर्वांत जास्त आहेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी? कपड्यांवरून साल ठरवलं तर चालेल का? आणि त्या चिकट फिल्मचं काय करायचं?

दप्तरदार

कपड्यांवरून ठरवू नका. शेतावरचा कोट दहा-पंधरा वर्षं सहज चालायचा आणि थोरल्याचा धाकट्याला यायचा. कपडे शेवटी, ठरलेलं साल पडताळण्यापुरते बघा.

सुरुवात त्या आकड्यांपासून करा. तुमच्या हातातली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे. तो जमिनीचा पत्ता आहे : सेक्शन १४ चा वायव्येकडचा पाव भाग, टाउनशिप ३१, रेंज २४, दुसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला. दुसरा मेरिडियन म्हणजे १०२ अंश पश्चिम रेखांश. टाउनशिप अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे मोजतात, रेंज मेरिडियनपासून पश्चिमेकडे. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, सेक्शन एक मैल बाय एक मैल म्हणजे ६४० एकर, आणि त्याचा चौथा हिस्सा १६० एकर.

इथे एक चूक नेहमी होते. कॅनडात सेक्शनची मोजणी आग्नेय कोपऱ्यातून सुरू होते, अमेरिकेत ईशान्य कोपऱ्यातून. पुढे दोन्हीकडे नागमोडीच. अमेरिकन तक्ता समोर ठेवून १४ शोधलात तर प्रत्यक्षात कॅनडाच्या २३ नंबरवर, म्हणजे एक मैल उत्तरेला, पोचाल आणि शेजाऱ्याचं घर या कुटुंबाच्या नावावर चढेल.

१४ हा सम आकडा आहे, म्हणजे होमस्टेडची, म्हणजे सरकारने वसाहतीसाठी दिलेली, जमीन असण्याची शक्यता दाट. (विषम सेक्शन बहुतेक रेल्वेच्या अनुदानाचे, ११ आणि २९ शाळांसाठी राखलेले, ८ आणि बहुतांश २६ हडसन्स बे कंपनीचे.) होमस्टेडचा कायदा म्हणजे १८७२ चा डोमिनियन लँड्स ॲक्ट. दहा डॉलर भरून १६० एकरांवर नाव लावायचं, तीन वर्षं दरवर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरलेली जमीन मोडायची (पहिल्यांदा नांगरायची) आणि मग मालकी हक्कासाठी अर्ज करायचा. त्या अर्जात शेतकऱ्याने शपथेवर लिहून दिलेलं असतं : घर किती बाय किती फूट, कोणत्या वर्षी किती एकर मोडली, किती पेरली, घोडे किती, गुरं किती, कुंपण किती.

फोटोंसाठी यासारखा पुरावा नाही. अर्जात १२ × १६ फुटांचं घर असेल आणि फोटोत दुमजली घर दिसत असेल, तर फोटो अर्जानंतरचा, किंवा दुसऱ्या जागेचा. १९०८ नंतर दक्षिणेकडच्या पट्ट्यात लगतचे १६० एकर तीन डॉलर एकराने ‘प्री-एम्प्शन’ म्हणून घेता यायचे. तेव्हा एकाच माणसाच्या दोन फायली निघू शकतात, दोन्ही मागवा. होमस्टेडच्या फायली सास्काचेवानच्या प्रांतिक अभिलेखागारात आहेत आणि सूची जमिनीच्या पत्त्यावरून शोधता येते. त्याला १९०६, १९११, १९१६, १९२१ आणि १९२६ च्या जनगणना जोडा. मुलांची वयं तिथे मिळतील. फोटोतलं तान्हं बाळ कोण हे कळलं की साल दोन वर्षांच्या आत येतं.

सूचीत ‘साल’ या रकान्याशेजारी ‘आधार’ असा रकाना हवाच. ‘१९१२ ते १९१७, आधार : मळणीयंत्र पत्र्याचं, एलेव्हेटरवरचं नाव’ असं लिहा. आधार न लिहिलेलं साल पुढच्या माणसाच्या काहीच कामाचं नसतं, त्याला सगळं पुन्हा शोधावं लागतं.

वाफेचं इंजिन

मळणीच्या फोटोंबद्दल. आधी नाव नीट लिहा. पट्ट्यावर चालणारं, एका जागी उभं असलेलं लांबट यंत्र म्हणजे मळणीयंत्र, तिकडे त्याला सेपरेटर म्हणत. कंबाइन नव्हे. कंबाइन चालता चालता कापणी आणि मळणी एकदम करतं, आणि प्रेअरीवर ते १९२० च्या दशकात पसरलं. ‘१९१० चं कंबाइन’ असं लिहिलेल्या सूच्या बऱ्याच दिसतात, आणि मग त्या फोटोंच्या पुढच्या सगळ्या तारखा घसरतात.

सेपरेटरची बाजू बघा. लाकडी फळ्या की पत्रा? केस कंपनीने पूर्ण पोलादी सेपरेटर १९०४ मध्ये आणला, त्यामुळे केस कंपनीचा पोलादी सेपरेटर दिसला तर फोटो त्याआधीचा नाही. उलट मात्र म्हणता येत नाही : लाकडी यंत्रं पुढेही अनेक वर्षं चालली. हा नियम सगळ्याच यंत्रांना लागू आहे. यंत्र ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतं, ‘याच्या नंतर नाही’ हे कधीच सांगत नाही. यंत्रावर ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ लिहिलेलं असेल तर फोटो १९०२ च्या आधीचा नाही, फोर्डसन ट्रॅक्टर असेल तर १९१७ च्या आधीचा नाही, जॉन डिअरचं मॉडेल डी असेल तर १९२३ च्या आधीचा नाही. ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर असतील तर १९३२ नंतरचा धरा. आणि इंजिन काढून टाकलेली मोटार घोडे ओढत असतील तर ती ‘बेनेट बग्गी’. पंतप्रधान आर. बी. बेनेट यांची कारकीर्द १९३० ते १९३५ ची, त्या मंदीच्या वर्षांत पेट्रोलला पैसे नव्हते म्हणून गाड्या घोड्यांना जुंपल्या गेल्या.

इंजिनाच्या भट्टीत माणूस काट्याने काड सारत असेल तर ते काड जाळणारं इंजिन. झाडं नसलेल्या माळावर हेच इंधन हाताशी होतं. जवळ पाण्याची टाकीगाडी असेलच, तीही नोंदवा. इंजिनाकडून सेपरेटरकडे जाणारा पट्टा मुद्दाम एक पीळ देऊन चढवत, म्हणजे तो कमी फडफडतो आणि पुलीला जास्त धरून राहतो. इंजिन आणि सेपरेटर यांच्यात इतकं अंतर का, असं पुष्कळजण विचारतात. ठिणगी काडाच्या गंजीवर पडू नये म्हणून. त्याच कारणाने काड फेकणारी नळी वारा जाईल त्या दिशेला ठेवत. फोटोत धूर आणि काड एकाच बाजूला जाताना दिसतील.

मोसमही ओळखता येतो. गवताळ जमीन पहिल्यांदा मोडतानाचे फोटो बहुधा जूनच्या आसपासचे. सहा-आठ पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसल्या तर ऑगस्ट-सप्टेंबर. मळणी सप्टेंबर-ऑक्टोबरची.

आणि मळणीच्या टोळीतल्या सगळ्यांना कुटुंबातले समजू नका. १८९० च्या दशकापासून १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत सुगीसाठी पूर्वेकडून, ऑन्टारिओ आणि किनाऱ्याच्या प्रांतांतून, स्वस्त तिकिटाच्या खास गाड्यांनी हजारो मजूर येत. ओळख पक्की नसेल तर ‘मळणीची टोळी’ एवढंच पुरे.

रूळ आणि कोठार

एलेव्हेटरच्या फोटोंकडे भिंग घेऊन बसा. भिंतीवर गावाचं आणि कंपनीचं नाव रंगवलेलं असतं. सास्काचेवान को-ऑपरेटिव्ह एलेव्हेटर कंपनी १९११ ते १९२६, युनायटेड ग्रेन ग्रोअर्स १९१७ पासून, सास्काचेवान व्हीट पूल (शेतकऱ्यांची सहकारी संस्था) १९२४ पासून. मालडब्यावर ‘कॅनेडियन नॅशनल’ या रेल्वेचं नाव दिसलं तर १९१८ च्या अखेरीआधीचा फोटो नाही.

तुमचा पत्ता वॅट्रसच्या जवळचा आहे, आणि तिथून ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेचा मुख्य मार्ग जायचा. त्या मार्गावरच्या स्टेशनांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने ठेवली होती. वॅट्रस, झीना, यंग, झेल्मा म्हणजे डब्ल्यू, एक्स, वाय, झेड, आणि लगेच पुन्हा ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. भिंतीवरचं एकच अक्षर वाचता आलं तरी गाव हाती लागू शकतं! मात्र अक्षरं उलटी दिसत असतील तर निगेटिव्ह पालथी स्कॅन झाली आहे. सरळ केल्याशिवाय डावं-उजवं काहीच नोंदवू नका.

गारठा

चिकट फिल्मबद्दल, आणि हे काम बाकी सगळ्याच्या आधी करा.

पिवळी, चिकट, उग्र आंबूस वासाची फिल्म नायट्रेटची असण्याची शक्यता मोठी. व्हिनेगरसारखा वास असेल तर ॲसिटेटची. कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं असेल तर नायट्रेट नाही. वास बघायला नाक लिफाफ्यात घालू नका, तो वायू त्रासदायक असतो. खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे मोजे. नायट्रेट फिल्म सडताना नायट्रोजनचे आम्ल वायू सोडते, त्यामुळे शेजारच्या चांगल्या फिल्म आणि कागदी फोटोही खराब होतात. खूप सडलेला गठ्ठा उष्णतेत आपोआप पेटू शकतो, आणि पेटला की विझवणं जवळपास अशक्य, कारण जळताना तो स्वतःच ऑक्सिजन पुरवतो. म्हणून फिल्म आजच वेगळ्या काढा, हवाबंद पत्र्याच्या डब्यात कोंडू नका, उन्हापासून आणि हीटरपासून लांब ठेवा.

चांगल्या अवस्थेतल्या फिल्म एकेक करून कागदी लिफाफ्यात, मग दोन घट्ट बंद पिशव्यांत, मग फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर तशीच बंद ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरेल. एकमेकींना चिकटलेल्या फिल्म ओढून सोडवू नका, ते जतनतज्ज्ञाचं काम. पार भुकटी झालेल्या फिल्म कचऱ्यात टाकायच्या नाहीत, अग्निशमन खात्याला किंवा घातक कचऱ्याच्या यंत्रणेला विचारा.

काचेच्या निगेटिव्ह लांब कडेवर उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका, खालच्या फुटतात. फक्त तडकलेल्या आडव्या. गुंडाळायचा कागद चार पाळ्यांचा, म्हणजे चारही बाजूंनी दुमडणारा, त्यामुळे काच सरकवताना प्रतिमेचा थर खरवडत नाही. निळे फोटो सायनोटाइप (लोहक्षारांनी छापलेले निळे फोटो) आहेत. त्यांना अल्कली मिसळलेला ‘बफर्ड’ कागद चालत नाही, निळा रंग उडतो. उजेडही नको.

स्कॅनिंग : ५ × ७ ची काच १२०० डीपीआयला, म्हणजे ६००० × ८४०० पिक्सेल. छोट्या २¼ × ३¼ च्या फिल्म २४०० ला. १६ बिट ग्रे, टिफ. थर शाबूत असेल तर मॅट बाजू खाली ठेवा, काचेला काच लागून येणारी इंद्रधनुषी वलयं टळतात, आणि नंतर प्रतिमा आडवी उलटवून घ्या. थर पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर खाली कधीच नको.

फिल्म कडेपर्यंत पूर्ण स्कॅन करा. कोडॅकच्या १९१४ ते १९३२ मधल्या ऑटोग्राफिक कॅमेऱ्यांना मागे छोटी झडप असायची, त्यातून फिल्मच्या कडेवर तारीख आणि नाव लिहिता यायचं. ती ओळ छापील फोटोत बहुधा कापली जाते, निगेटिव्हवर मात्र शाबूत असते.

पाटीपेन्सिल

आभार सगळ्यांचे. फिल्म वेगळ्या काढल्या आहेत. दोन प्रश्न उरले : अल्बममधले फोटो सोडवून मागचा मजकूर बघू का? आणि पोस्टकार्डांवर टपाल शिक्का नसेल तर साल कसं काढायचं?

दप्तरदार

सोडवू नका. आधी प्रत्येक पान आख्खं टिपा, मग पान आणि जागा धरून क्रमांक द्या : अ-०७-३ म्हणजे अल्बम, सातवं पान, तिसरा फोटो. कोणाशेजारी कोणाला चिकटवलंय हीच त्या कुटुंबाने स्वतः केलेली मांडणी, ती एकदा मोडली की परत जुळत नाही. कोपऱ्यांत अडकवलेले फोटो काढून बघायला हरकत नाही, डिंकाने चिकटवलेले तसेच राहू द्या.

पोस्टकार्डाच्या मागे तिकिटाची चौकट बघा. ‘ॲझो’ (फोटो-कागदाचं नाव) असेल आणि चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ चा. दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० चा. हे साल कागदाचं. जुन्या निगेटिव्हवरून नंतर छापलेली प्रत असू शकते, म्हणून ‘छपाई’ आणि ‘चित्रण’ असे दोन रकाने ठेवा.

नावांचं एक राहिलं. बायकांची नोंद ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव अशी सापडेल. जनगणनेतून तिचं स्वतःचं नाव शोधून तेच मुख्य रकान्यात लिहा, मूळ मजकूर शेजारी जसाच्या तसा ठेवा. सास्काचेवानला १९८० मध्ये प्रांत होऊन ७५ वर्षं झाली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी स्थानिक इतिहासाची जाडजूड पुस्तकं काढली. वॅट्रस भागातलं मिळालं तर त्यातले छापील फोटो तुमच्या टोळीच्या फोटोंशी ताडून बघा, शेजारी बहुधा तिथेच सापडतील.