‘निधी मंजूर’ म्हणजे पैसा नेमका कुठवर पोचला?

मुद्रितशोधक
लोकसभेतल्या रस्तेसुरक्षा आणि शहर बससेवेवरच्या अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नोत्तरांचं मराठी करण्याचं काम चालू आहे. उत्तराला राज्यनिहाय तक्ता जोडलेला असतो, त्यात तीन रकाने: सँक्शन्ड, रिलीज्ड, युटिलाइज्ड. मी ‘मंजूर, वितरित, खर्च’ केलं होतं. संपादकांनी ते ‘मंजूर, उपलब्ध, वापरलेला’ केलं. ‘वितरित’ म्हटलं की लोकांत वाटप झाल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. काय ठेवावं? आणि ‘ब्लॅक स्पॉट’ला ‘अपघातप्रवण क्षेत्र’ चालेल ना?

लेखाशीर्ष
‘वितरित’च ठेवा. ‘उपलब्ध’ ही कुठलीच पायरी नाही.

राज्यातला क्रम असा. अर्थसंकल्पात ‘तरतूद’ होते. कामाला ‘प्रशासकीय मान्यता’ आणि मग अभियंत्यांकडून ‘तांत्रिक मान्यता’ मिळते. इथवर पैसा जागचा हललेला नसतो. वित्त विभागाने जेवढ्या रकमेला होकार दिला तेवढी बीम्स या राज्याच्या अर्थसंकल्प-वितरणाच्या संगणक प्रणालीवर ‘वितरित’ होते: विभागाकडून नियंत्रक अधिकाऱ्याकडे, तिथून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे कोषागारातून पैसे काढून देणाऱ्याकडे. देयक कोषागारात पारित झालं की रक्कम ‘आहरित’ होते, म्हणजे प्रत्यक्ष काढली जाते. वितरित झालेली रक्कम ३१ मार्चपर्यंत आहरित झाली नाही तर ती व्यपगत होते, आणि काम पुढच्या वर्षी नव्या तरतुदीची वाट पाहत बसतं. ‘निधी मंजूर’ अशी त्याच कामाची दुसरी बातमी येते ती अशी.

‘युटिलाइज्ड’ला मात्र ‘खर्च’ पुरत नाही. केंद्राच्या तक्त्यात तो आकडा बहुधा उपयोगिता प्रमाणपत्रावरून (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा राज्याने केंद्राला पाठवलेला दाखला) येतो. राज्याने खर्च केला पण प्रमाणपत्र गेलं नाही, तर तिथे पैसे पडूनच दिसतात.

नीरक्षीर
मग ‘विनियोग’ म्हणा. आणि ‘मंजूर’ तरी कशाला? ‘संमत’ आपला शब्द आहे.

लेखाशीर्ष
‘विनियोग’ लिहिला की वाचणाऱ्याला विनियोजन विधेयक आठवतं, आणि ते तर तिजोरीतून पैसे काढायला परवानगी देणारं, खर्चाच्या आधीचं. गोंधळ वाढेल.

सांडणीस्वार
नीरक्षीर, विधेयक संमत होतं, ठराव संमत होतो. रजा, कर्ज आणि निधी मंजूरच होतात. ‘संमत निधी’ कोणी म्हणत नाही. शिवाय ‘मंजूर’ अरबीतल्या ‘नजर’ याच धातूचा. मूळ अर्थ पाहिलेला, नजरेखालून गेलेला. सँक्शनला याहून नेमका शब्द मिळायचा नाही: कागद साहेबांच्या नजरेखालून गेला, इतकंच त्यात सांगितलंय.

नीरक्षीर
व्युत्पत्ती मान्य. पण आज ‘मंजूर’ ऐकणारा माणूस पैसे आले असंच समजतो. अर्थ जर असा घसरला असेल तर शब्द बदलणं हेच औषध. ‘मान्यताप्राप्त तरतूद’ लांब आहे, पण फसवत नाही.

थांबा क्र. ७
अनुवादापेक्षा प्रश्न लिहितानाच क्रियापद नीट निवडलं पाहिजे. विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला: ‘... हे खरे आहे काय, असल्यास,...; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ त्यात ‘निधी मंजूर करण्यात आला आहे, हे खरे आहे काय’ असं विचारलं की ‘होय, हे खरे आहे’ एवढ्यावर उत्तर संपतं, आणि विलंबाच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. तेच ‘अर्थसंकल्पित, वितरित व ३१ मार्चअखेर प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम किती’ असं विचारा. तीन आकडे द्यावेच लागतात. लोकसभेत प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे, पण एवढ्यासाठी ती पुष्कळ झाली.

दुसरं उदाहरण पीएम ई-बस सेवेचं. १६ ऑगस्ट २०२३ ला मंत्रिमंडळाने मान्यता दिली: १०,००० बस, ५७,६१३ कोटींची योजना, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. इथे ‘मंजूर बस’ म्हणजे शहराच्या नावे लिहिलेला आकडा. आगार, चार्जिंगसाठी वीजजोडणी, निविदा, करार हे सगळं झाल्याशिवाय बस थांब्यावर येत नाही. तक्त्यात ‘मंजूर’ आणि ‘प्रत्यक्ष धावणाऱ्या’ हे दोन रकाने वेगळे नसतील तर तो तक्ता प्रवाशाच्या कामाचा नाही.

एसटीबद्दल तर फार सैल लिहिलं जातं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास त्याआधीपासूनच मोफत. तिकिटाची उरलेली रक्कम सरकार महामंडळाला देतं, तिचं नाव ‘सवलतमूल्याची प्रतिपूर्ती’. वर्तमानपत्रं तिला ‘अनुदान’ म्हणतात. प्रतिपूर्ती हे देणं आहे: सेवा देऊन झालेली असते, डिझेल जळलेलं असतं, चालक-वाहकाची पाळी भरलेली असते. ‘एसटीला अनुदान’ म्हटलं की महामंडळ हात पसरून उभं असल्याचं चित्र तयार होतं. हा शब्द चुकीचा आहे आणि तो थांबला पाहिजे.

लेखाशीर्ष
पूर्ण सहमत. मुख्य लेखाशीर्षंही (सरकारी हिशेबातले खातेक्रमांक) वेगळी आहेत: ३०५५ महसुली, ५०५५ भांडवली, ७०५५ कर्जं. ‘एसटीला इतके कोटी दिले’ या वाक्यात तिन्ही एकत्र ढकलता येतात. त्यातलं कर्ज फेडायचं असतं.

सांडणीस्वार
पण हिशेबातल्या उद्दिष्टाच्या पातळीवर, म्हणजे खर्च कोणत्या प्रकारचा ते सांगणाऱ्या क्रमांकांत, ‘अर्थसहाय्य’ (३३) आणि ‘सहायक अनुदान’ (३१) हे शब्द सरकारच वापरतं. मग वर्तमानपत्रांना एकट्यांना दोष का?

थांबा क्र. ७
लेखाशीर्षातला शब्द लेखापालासाठी असतो. बातमी प्रवाशासाठी असते.

सडक
ब्लॅक स्पॉटचं राहिलं. ‘क्षेत्र’ नको, ‘स्थळ’ हवं. केंद्रीय मंत्रालयाच्या व्याख्येत तो राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा आहे, जिथे मागच्या ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत असलेले ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले. भाषांतरात ‘५ मृत्यू’ असं हमखास होतं, ते तपासा: ५ अपघात, १० मृत्यू. ‘गंभीर जखमी’ही सैल पडतं. ‘गंभीर दुखापत’ ही कायद्यातली संज्ञा आहे. तिच्यातली तीव्र वेदनेची मुदत जुन्या भारतीय दंडसंहितेत २० दिवस होती, तिच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत १५ झाली.

नीरक्षीर
‘प्रवण’ म्हणजे उताराचा, कललेला. अवर्षणप्रवण तालुका समजतो, कारण पाऊस न पडणं हा त्या भूमीचा कल. रस्त्याचा कल अपघाताकडे नसतो. वळणाची त्रिज्या कमी ठेवलेली असते, दुभाजक भलत्या जागी फोडलेला असतो. ‘प्रवण’ म्हणून आपण बांधणाऱ्याचा दोष जमिनीवर टाकतो.

सडक
हा मुद्दा मोलाचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं: ठरलेले मानक न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आलं तर ठेकेदार, सल्लागार, संबंधित प्राधिकरण यांना १ लाखापर्यंत दंड. म्हणजे कायदा रस्त्याचा दोष मानतो. पण पर्याय काय? ‘सदोष स्थळ’ म्हटलं तर चौकशीआधीच निकाल दिल्यासारखं होईल.

सांडणीस्वार
मग ‘अपघात’ तरी कशाला ठेवता? त्यात अकस्मात घडल्याची छटा आहे. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. एकाच ५०० मीटरमध्ये पाचदा घडतं त्याला अकस्मात म्हणवत नाही. हिंदीत ‘अपघात’चा अर्थ हत्या असाही आहे, तो इथे जास्त जवळचा वाटतो.

लेखाशीर्ष
पोलिसांकडे ‘अकस्मात मृत्यू’ हा वेगळा नोंदीचा प्रकार आहे. तो इथे मिसळू नका.

सडक
‘अपघात’ बदलून कोणाला कळणार नाही. त्यापेक्षा ब्लॅक स्पॉटच्या तक्त्यातल्या ‘रेक्टिफाइड’ला ‘दुरुस्त’ लिहिणं थांबवू या. फलक, रंबलर (वेग कमी करायला लावणारे उंचवटे) आणि पट्टे मारले की अल्पकालीन उपाय झाले. भुयारी मार्ग, उड्डाणपूल, वळण सरळ करणं हे दीर्घकालीन. दोन्हींना ‘दुरुस्त’ म्हटलं की तक्त्यात पट्टे मारलेली जागाही निकाली निघते. मी ‘अल्पकालीन उपाय पूर्ण’ आणि ‘कायमस्वरूपी उपाय पूर्ण’ असे दोन रकाने करतो.

नीरक्षीर
‘कायमस्वरूपी’ कशाला? ‘कायम’ पुरे.

सडक
‘कायम उपाय’ म्हटलं तर पट्टे दरवर्षी मारतात तेही कायमच.