मदत हवी आहे: थंडीच्या तोंडावर मधपेट्या घ्याव्यात की मार्चपर्यंत थांबावं?

कांदाबी_जुन्नर
नमस्कार मंडळी, इथं वाचत असते पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमची शेती जुन्नर तालुक्यात ओतूरच्या बाजूला. मुख्य पीक कांदा, थोडी तूर, बांधाला शेवगा आणि विहिरीजवळ करंज-जांभळाची जुनी झाडं. यंदा कांद्याचं बी घरीच धरायचं ठरवलंय, अर्धा एकर डेंगळे (बियाण्यासाठीचे कांदे) नोव्हेंबरात लावणार. गेल्या वर्षी शेजारच्यांच्या डेंगळ्यांना फुलांचे गोंडे असे टपोरे आलेले की बघत राहावं, पण चोळून बघितले तर निम्मे पोकळ, बी भरलंच नाही. कृषी सहायक म्हणाले फुलावर माश्याच नाहीत तर बी कुठून भरणार. तेव्हापासून मधपेट्यांचं डोक्यात बसलंय, आणि नुसतं एका हंगामापुरतं नाही, मला माश्या पाळायला नीट शिकायचंय.

तर एक पेटीवाले दिवाळीनंतर भरलेल्या पेट्या द्यायला तयार आहेत, दहा घेतल्या तर भाव कमी करतो म्हणतात. पण मी जेवढे व्हिडिओ बघितले त्यात सगळे हेच सांगतात की नवशिक्यानं हिवाळ्याच्या तोंडावर अजिबात सुरुवात करू नये, वसाहत मरते, वसंतात करा. धाकटे दीरही म्हणतात वहिनी मार्चपर्यंत थांब. पण मार्चपर्यंत थांबले तर कांद्याचा फुलोरा उरकत आलेला असणार. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडते, पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. थांबू का घेऊ? ज्यांनी स्वतः पेट्या सांभाळल्यात त्यांनी प्लीज सांगा.

जावळीचा_मधपाळ
ताई, व्हिडिओ खोटे नाहीत पण ते बर्फ पडणाऱ्या मुलखातले असणार. तिकडं चार-पाच महिने बाहेर एक फूल नसतं, माशी पेटीत गोळा करून बसते आणि साठवलेल्या मधावर दिवस काढते. आपल्याकडं माशीचे उपासमारीचे दिवस म्हणजे जून ते सप्टेंबर. पाऊस लागून राहिला की तिला बाहेर पडता येत नाही, जी काय फुलं असतात त्यातला मकरंद धुऊन जातो, राणी अंडी घालणं कमी करते आणि वसाहत बारीक होत जाते. दसऱ्याच्या आसपास कारळा पिवळा झाला की माशी पुन्हा उठते. मग तूर, मोहरी, धणे, शेवगा, आंब्याचा मोहर, आणि उन्हाळ्याला करंज, जांभूळ, तुमच्या पश्चिमेच्या डोंगरात हिरडा. आम्ही पेट्या वाढवायला लागतो तेच मुळी पाऊस उघडल्यावर. दिवाळीनंतर घेतल्या तर शिकायला सगळा फुलोऱ्याचा काळ मिळतो. मार्चला घेतल्या तर जेमतेम तीन महिने, आणि हात बसायच्या आत पावसाळा दारात. दीर काळजीनं सांगतात पण त्यांचा सल्ला आपल्या हवेला लागू नाही.

थंडीचं म्हणाल तर पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) पोळ्याची ऊब माश्या ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात, बाहेर काही का असेना. त्यासाठी माशी भरपूर पाहिजे आणि पोटाला पाहिजे, एवढंच. गारठते ती कमजोर वसाहत. म्हणून माश्यांनी पोळ्याच्या जेवढ्या चौकटी झाकल्यात तेवढ्याच आत ठेवायच्या, रिकाम्या काढून घ्यायच्या, वरून गोणपाट, दार पूर्वेला, उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा. आणि पेटी पहाटे उघडायची नाही, ऊन चांगलं चढू द्या, बघायचं ते बघा आणि लगेच बंद करा.

पण शिकल्याशिवाय पेटी आणू नका ही हात जोडून विनंती. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. प्रशिक्षण दोन्हीकडं असतं. मंडळाच्या मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि निम्मे पैसे आपले, पण त्यालाही प्रशिक्षण लागतंच. जमलं तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला एक चक्कर मारा, २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते. तिथं पेट्या चालू हंगामात बघायला मिळतील.

मूळचा_संगमनेरचा
काकांशी शंभर टक्के सहमत. मी कॅनडात ऑंटारिओमध्ये असतो, घरामागे माझ्या पेट्या आहेत. इथे नवीन माणूस मे-जूनमध्ये लहान वसाहत घेतो, उन्हाळाभर वाढवतो आणि थंडी सुरू व्हायच्या आत पेटीत पंचवीस-तीस किलोचा साठा लागतो, शिवाय बाहेरून पेटीला गुंडाळायचं, कारण नंतर एप्रिलपर्यंत आत हात घालता येत नाही. उन्हाळ्यातली कामकरी माशी सहाएक आठवडे जगते, हिवाळ्यात जाणारी पाच-सहा महिने. त्यामुळे इथे ऑक्टोबरात सुरू करतो म्हणणाऱ्याला मीही नको म्हणेन. पण हा नियम ओतूरला लावायचं काही कारण नाही.

कांदाबी_जुन्नर
खूप खूप धन्यवाद दोघांनाही, डोक्यावरचं ओझं उतरलं. आता पुढचं विचारते. ते पेटीवाले मेलिफेरा (परदेशी जातीची माशी) देतायत, दहा पेट्या. आणि आमच्या बांधावरच्या उंबराच्या ढोलीत बऱ्याच वर्षांपासून एक मोहोळ आहे, मामंजी म्हणतात ते सातेरीचं, म्हणजे आपल्या देशी माशीचं. ते पेटीत घेता आलं तर विकत घ्यायलाच नको ना? दुसरं म्हणजे शिवारात द्राक्षबागा आहेत, फवारण्या चालूच असतात, त्याचं काय करायचं?

सांगोला_डाळिंब
ताई दहा नका घेऊ. मी डाळिंबासाठी दरवर्षी मेलिफेराच्या पेट्या भाड्यानं आणतो म्हणून सांगतो, ती माशी मध जास्त देते, सातेरीच्या तीन-चार पट धरा, पण तिला फुलोऱ्यामागं फिरवावं लागतं. आमचे पेटीवाले वर्षभर ट्रकच्या मागं असतात. एका जागी ठेवल्या तर फुलं संपल्यावर साखर पाजत बसायचं, वर व्हरोआ नावाचा गोचिडासारखा कीडा लागतो त्याचा बंदोबस्त. सातेरी आपल्या हवेतली आहे, तो कीडा ती स्वतः बरीचशी झटकते. मध पाच-दहा किलोच्या आत-बाहेर, पण तुम्हाला बी भरून पाहिजे आणि शिकायचंय, तर सातेरीच बरी. बियाण्याला कमी पडतील असं वाटलं तर यंदापुरत्या एक-दोन पेट्या भाड्यानं आणा, दहाएक टक्के गोंडे फुलल्यावरच आणा, आधी आणल्या तर माशी दुसऱ्या फुलाला लागते आणि मग कांद्याकडं वळत नाही. कांद्याचं फूल तिला तसंही फार आवडीचं नसतं. त्याच टायमाला शेजारी धणे फुलतील असं काही पेरू नका.

फवारणीचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आजूबाजूच्या बागायतदारांना आधीच जाऊन भेटा, पेट्या ठेवतोय म्हणून सांगा, फोन नंबर द्या, फवारायच्या आदल्या दिवशी फोन करा म्हणावं. माशी घरी परतल्यावर, अंधार पडताना फवारलं तर नुकसान पुष्कळ कमी होतं. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम असलं काही फुलोऱ्यात मारू नये, हे स्वतःच्या शेतातही पाळा. सकाळी दारासमोर माश्या लोळताना, जीभ बाहेर काढून मेलेल्या दिसल्या तर समजायचं विष लागलंय.

जावळीचा_मधपाळ
सांगोलेकरांनी चांगलं सांगितलं. ढोलीतल्या मोहोळाचं सांगतो. सातेरी पेटीत राहते, आणि मुळात ढोलीतूनच ती पेटीत आणायची आपली जुनी रीत. आग्या कधी पेटीत राहत नाही, ते उघड्यावरचं एकच मोठं पोळं असतं, त्याच्या नादी लागू नका. सातेरीची ढोलीत एकाला समांतर एक अशी पोळी असतात. ती एकेक अलगद कापायची, मधाचा भाग बाजूला, पिलाव्याचा भाग चौकटीच्या मापाचा करून केळीच्या सोपटानं चौकटीत बांधायचा. दोन-चार दिवसांत माश्या पोळं चौकटीला चिकटवून घेतात आणि ते सोपट कुरतडून कुरतडून दाराबाहेर आणून टाकतात. बघण्यासारखं असतं! पण राणी सापडायला नजर लागते आणि ती आली नाही तर सगळं परत ढोलीत. म्हणून पहिल्या वर्षी जाणत्या मधपाळाला बोलवा, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. झाड तोडायचं नाही, ढोलीचं तोंड फोडायचं नाही.

आणि एकच पेटी ठेवू नका, दोन ठेवा. एकीची राणी गेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट तिला देता येते, त्यातून माश्या स्वतः नवी राणी करतात, सोळाएक दिवसांत ती बाहेर येते. एकच पेटी असली तर काय नीट चाललंय आणि काय बिघडलंय हेसुद्धा ताडून बघता येत नाही.

विकत घेताना झाकण उघडून दाखवा म्हणायचं, नाही म्हणाला तर घेऊ नका. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी उभी बारीक पांढरी अंडी दिसली म्हणजे दोन-तीन दिवसांत राणी तिथून फिरलीय. झाकलेला पिलावा सलग पाहिजे, मध्ये मध्ये भोकं नकोत. अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या, वेटोळं करून पडलेल्या पाहिजेत. अळी ताठ, टोक वर आलेलं, पिशवीत पाणी भरल्यासारखी दिसली तर ती पेटी फुकटही नको, ती थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या रोगाची खूण, १९९१-९२ नंतर दक्षिणेतल्या सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती त्यानं संपल्या. मग पाच मिनिटं दाराशी बसा, पायाला परागाचे पिवळे गोळे लावून माश्या आत जाताना दिसल्या पाहिजेत.

दोन_लेकरांची_आई
मध्येच विचारते, आमचंही हेच चाललंय. लहान मुलं आणि जनावरं असली तर पेटी कुठे ठेवायची?

जावळीचा_मधपाळ
गोठ्यापासून आणि जायच्या-यायच्या वाटेपासून लांब, दार वाटेकडं नको. चावली तर काटा लगेच काढायचा, जेवढा उशीर तेवढं जास्त विष आत जातं. घरात कुणाला चावल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असलं काही पूर्वी झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच पेटी आणा.

कांदाबी_जुन्नर
काका, दादा, तुम्ही दोघांनी एवढं सविस्तर सांगितलंत, कसे आभार मानू कळत नाही. दहा पेट्यांना नाही म्हणून कळवलं. आधी प्रशिक्षण, मग सातेरीच्या दोन पेट्या, आणि उंबराचं मोहोळ राहू दे यंदा तिथंच, ते तसंही कांद्यावर येईलच की. आता शेवटचं, जूनचं काय करायचं तेवढं सांगा, कारण तुमचं वाचून मला आता थंडीपेक्षा त्याचीच काळजी लागलीय.

जावळीचा_मधपाळ
जूनची तयारी एप्रिलात. मध काढताना सगळा ओरबाडायचा नाही, पिलाव्याच्या कोठ्यातल्या मधाला हात लावायचा नाही, तो त्यांचा पावसाळ्याचा शिधा. पावसाच्या आधी पेट्या पत्र्याच्या उतरत्या छपराखाली, कमरेच्या खालपर्यंत उंच स्टँडवर, आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पावसात साखर आणि पाणी निम्मं-निम्मं, उकळून गार करून, वाटीत वर चार काड्या टाकून द्यायचं म्हणजे माशी बुडत नाही. संध्याकाळीच द्यायचं, दिवसा दिलं तर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. गूळ अजिबात नको, माशीला हगवण लागते. आठवड्याला तळपाट काढून झाडायचा, त्या कचऱ्यातच मेणकिड्याची अळी वाढते, आणि जुनं काळं पडलेलं रिकामं पोळं काढून टाकायचं. सातेरीला उपास घडला किंवा मेणकिडा लागला की ती पेटी सोडून सगळीच्या सगळी निघून जाते. एवढी एक गोष्ट तिची ध्यानात ठेवा.

पेट्या आणायच्या त्या रात्री, दाराला जाळी लावून, चौकटी हलणार नाहीत अशा आवळून. जागेवर ठेवल्या की लगेच उघडून बघायची घाई नको, दोन दिवस तशाच राहू द्या. मग पहिली पेटी उघडली की चौकटीचे फोटो इथं टाका, पिलावा कसा आहे ते बघून सांगतो.