मदत हवी आहे: गॅस्ट्रोनंतर आतड्यात आतडं शिरलेलं बाळ रात्री कुठे पाठवायचं?

नमस्कार मंडळी. मावळ-मुळशीतल्या डॉक्टरांसाठी इंटससेप्शनचा (आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरण्याचा) एक पानी तक्ता करतोय. दोन जागी अडलंय.

ठरलेला भाग असा: वय साधारण ३ महिने ते ३ वर्षं. थांबून थांबून कळवळून रडणं, पाय पोटाशी घेणं, मधल्या वेळात मलूल पडणं, मग हिरवी उलटी. जेलीसारखी लाल शी उशिरा दिसते, तिची वाट बघू नये. जुलाब होतायत म्हणजे आतडं मोकळं, हा समज सगळ्यात जास्त घात करतो (पावसाळ्यात तर हमखास!). जंतुसंसर्गाने लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिका गाठी सुजतात आणि त्याच पुढच्या आतड्यात ओढल्या जातात. सोनोग्राफीत गोल चकती दिसली की तोंडाने सगळं बंद, नाकातून नळी, शॉक असेल तर सलाईन किलोमागे १० ते २० मिली, आणि लगेच रवानगी. पोट कडक किंवा एक्स-रेत मोकळी हवा असेल तर एनिमा (गुदद्वारातून हवा भरून शिरलेलं आतडं मागे ढकलणं) नाही, थेट ऑपरेशन.

आता अडचण. हवेचा एनिमा ८० मिमी पाऱ्यापासून, १२० च्या वर नाही. अर्धवट सुटलं आणि बाळ स्थिर असेल, तर दुसरा प्रयत्न तुम्ही अर्ध्या तासाने करता की दोन-चार तासांनी?

दुसरं, पिंपरी-चिंचवडच्या बाजूला रात्री दहानंतर हा एनिमा आणि बालशल्यचिकित्सक एकाच छताखाली कुठे मिळतात? ऐकीव नको, स्वतः पेशंट पाठवलेल्यांनीच सांगा.