घरी बसवलेला स्नॉर्कल: कामाचा की नुसता नखरा?

चिखलप्रेमी (सांगली)

दोन रविवार पोर्चमध्ये घालवून थारला स्नॉर्कल बसवला, म्हणजे इंजिनाला वरून, टपापासून हवा देणारी नळी. गाडी २०२१ ची, डिझेल. मित्रांना फोटो पाठवल्यापासून टोमणे चालू आहेत. "पाणबुडी घेतली काय?" "पोरगं हुकलं." म्हणून इथंच विषय काढतो. माझं मत असं की फोर बाय फोर खरोखर चिखलात घालणाऱ्यानं स्नॉर्कल बसवावा, आणि स्वतःच्या हातानं बसवावा.

इंजिन हवा ओढतं ती बॉनेटच्या उंचीवरून, फेंडरच्या म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या आतून. ओढ्यात गाडी घातली की पुढं लाट उठते आणि ती नेमकी तिथवर चढते. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की संपलं. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर यायला बघतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल गाडीचं नाक टपापाशी नेतो, बास. आई म्हणाली, "गाडीला धुराडं कशाला रे?" तिला म्हटलं, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर टोपीवाली नळी उभी असते ना हवेची, तीच ही. ट्रॅक्टरला कंपनीनं दिली की शेती, थारला मी दिली की नखरा!

आता घरी का? फेंडरला भोक पाडताना हात कापतो, खोटं कशाला बोलू. किटमधला नमुन्याचा कागद टेपनं चिकटवला, काढला, परत चिकटवला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, आता पाड तरी, नाहीतर विकून टाक. आधी बारीक ड्रिल, मग होल सॉ. कीस आत सांडू नये म्हणून मागं जुनी बनियन कोंबली. कडा कानशीनं घासल्या, प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात. ती उघडी कड तशीच सोडली तर एका पावसाळ्यात गंज धरते. गॅरेजमध्ये तिथं प्रायमर लागला की नाही हे बघायला आपण उभे नसतो. कापलेली चकती टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलीय.

बोला आता.

हरिपूरकर

हात चांगला आहे तुझा, त्यावर वाद नाही. मी कृष्णा-वारणेच्या संगमापाशी राहणारा माणूस आहे, त्यामुळं माझं भांडण वेगळं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात मी बोटीवर होतो. रोजच्या जाण्यायेण्याचा रस्ता, पण दुभाजक कुठं, गटाराचं झाकण कुठं निघालंय, काही म्हणजे काही कळत नव्हतं. वल्ह्यानं चाचपत जायचो.

हिशोब कर. तुझी गाडी चार मीटरच्या आत लांब, पावणेदोन मीटरच्या वर रुंद. म्हणजे सात चौरस मीटरच्या आसपास बूड. त्या बुडाच्या वर फूटभर पाणी चढलं की दीड-दोन टन पाणी बाजूला सारलं जातं. गाडीचं वजन साधारण तेवढंच. दारांतून पाणी आत शिरेपर्यंत तुझी थार होडी आहे, आणि सुकाणू नसलेली. टायरला जमीन लागत नाही म्हटल्यावर फोर बाय फोर काय करणार? इंजिन चालू राहील, ते मान्य. चालू इंजिनासकट वाहून जाशील.

स्नॉर्कल इंजिनाला वाचवतो आणि डोक्यात हवा भरतो. नळी नसती तर तू पुलाच्या अलीकडं थांबला असतास.

जतची बाभळ

नदीकाठच्यांचं नदीकाठच्यांनी बघावं. आम्हाला नदी बघायला म्हैसाळला जावं लागतं. मी स्नॉर्कल लावला तो फुफाट्यासाठी. पुढं एखादा डंपर असला की मागच्याच्या बॉनेटपाशी नुसतं पीठ उडत असतं. टपापाशी त्यातल्या त्यात बरी हवा. पूर्वी फिल्टर काढून आपटला की मूठभर माती पडायची, आता चिमूटभर पडते. नळीचं डोकं मी मागच्या बाजूला फिरवलंय, म्हणजे काटक्या, किडे, पाला थेट आत येत नाही. पाण्यात गाडी घालायचा प्रश्नच नाही, पाणी आहे कुठं! शिवाय पिकअप पण वाढलाय.

पाना नंबर १२ (कराड)

बाभळराव, धुरळ्याचं शंभर टक्के पटलं. पिकअपचं तेवढं मागं घ्या. ताशी ६० च्या वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब हवेच्या मूळ दाबाच्या पाव टक्काही भरत नाही. तुमचं तर डोकं मागं फिरवलेलं! फिल्टर साफ झाला म्हणून गाडी हलकी वाटत असेल.

जतची बाभळ

बरं, घेतलं मागं. फिल्टरचं पण मागं घेऊ काय?

कंदी पेढा (सातारा)

मी कागदाचं बोलतो, कारण ते कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यात अडवणारा साहेब नळीला बदल म्हणेल की सजावट, ते त्याच्या मनावर. पण तुम्ही पत्रा कापलाय, आणि वर चकती जपून ठेवलीय.

दुसरं, विमा. पाण्यात गाडी चालवून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. कव्हर असलं तरी सर्व्हेअर येणार, नळी बघणार आणि विचारणार, "मुद्दाम घातली होती ना पाण्यात?" काय सांगणार त्याला?

आणि एक राहिलंच. दर पावसाळ्यात ठोसेघरच्या रस्त्याला स्नॉर्कलवाल्या गाड्या दिसतात. निम्म्यांच्या टायरला चिखल नसतो आणि नळीला चकचकीत पॉलिश असतं. मग लोक नखरा म्हणणार नाहीत तर काय?

चिखलप्रेमी (सांगली)

पेढेवाले, फोर्सची गुरखा शोरूममधूनच स्नॉर्कल लावून बाहेर पडते. त्याच रस्त्यावर, त्याच साहेबांसमोर. तिला चालतं ते मला का नाही?

कंदी पेढा (सातारा)

कारण ती तिथून तशीच पास होऊन येते. कंपनीनं ७०० मिलिमीटर पाण्याचा आकडा छापलाय तो अख्ख्या गाडीचा, एकट्या नळीचा नव्हे. तुमच्या थारला कंपनी ६५० सांगते. नळी लावल्यावर तो आकडा किती झाला?

चिखलप्रेमी (सांगली)

…६५०.

पाना नंबर १२ (कराड)

हे मनापासून कबूल केलंस म्हणून लिहितो, नाहीतर या विषयात पडणार नव्हतो.

हरिपूरकरांचं बरोबर, पण त्यांचं भांडण ड्रायव्हरशी आहे, नळीशी नाही. पेढेवाल्यांचंही बरोबर, ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझं भांडण कामाशी आहे. माझ्याकडं पाणी प्यालेली इंजिनं येतात, आणि त्यातल्या काहींना स्नॉर्कल असतो. त्या मालकांची तोंडं बघवत नाहीत.

तुम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं आहात. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपला सुईएवढं भोक पडलं तर काय होतं? पंप फिरतो, पाणी चढत नाही, कारण तो भोकातून हवा ओढत बसतो. स्नॉर्कल ही इंजिनाची सक्शन पाइपच आहे, फक्त उलटी. तिला हवा पाहिजे आणि भोक पाण्याखाली असलं तर ती तिथून पाणी ओढणार. वरचं टोक टपावर असून उपयोग काय? लोक फेंडरवरच्या नळीला सिलिकॉन फासतात, फोटो काढतात, आणि फिल्टरच्या डब्याच्या बुडाला पाणी निथळायला रबराची बोंडी असते तिच्याकडं बघतसुद्धा नाहीत. आतल्या जोडांचे क्लॅम्पही तसेच, हात पोचत नाही तिथले अर्धवट आवळलेले. कोणी तर प्लंबिंगची पीव्हीसी नळी सोल्युशननं चिकटवून आणतो. इंजिनाच्या गरमीनं ती मऊ पडते, जोड उकलतो.

तिसरं म्हणजे ब्रीदर, ॲक्सल आणि गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ठेवलेली भोकं. ॲक्सल चालून तापलेला असतो, तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. मग ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचं ऑइल काढलं की कपात चहा ओतल्यासारखं दिसतं. गिअरबॉक्सचंही तेच. चार मीटर रबरी नळी घेऊन ते श्वास बॉनेटमध्ये उंचावर नेऊन बांधायचे. खर्च तुझ्या किटच्या पासंगालाही पुरणार नाही, पण बाहेरून दिसत नाही ना, म्हणून कोणी करत नाही.

चिखलप्रेमी, एक काम कर. गाडी न्यूट्रलला चालू ठेव आणि स्नॉर्कलचं डोकं काढून नळीचं तोंड घट्ट बंद कर. तळहात लावू नकोस, फळी घे. काम चोख असेल तर इंजिन गुदमरून बंद पडेल. चालूच राहिलं तर ते दुसरीकडून श्वास घेतंय.

हरिपूरकर

हे आवडलं. कर आणि खरं सांग.

चिखलप्रेमी (सांगली)

आत्ता करून आलो. फळी सापडेना म्हणून बायकोचा पोळपाट घेतला, त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा, आणि दाबून धरला. इंजिन थोडं कण्हलं आणि आरामात चालू राहिलं. दोन रविवार, प्रायमर, रंगाचे दोन हात, आणि ते आपलं चालूच!

बॉनेटमध्ये कान लावला तर डब्याच्या खालून सूं आवाज. बोंडीच. पानावाल्यांनी सांगितलेली तीच. ती बंद केली, परत पोळपाट. आवाज कमी झाला पण गाडी बंद पडेना. मग फेंडरच्या मागचा क्लॅम्प, जिथं माझी बोटं पोचली नव्हती. शेजारच्या अकरावीतल्या पोराचा हात बारीक, त्यानं आवळला. तिसऱ्यांदा पोळपाट लावला, दोन-तीन सेकंद, आणि इंजिन धडधडून गप्प. गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

माझं मत बदललेलं नाही. घरीच बसवावा. गॅरेजमध्ये हा क्लॅम्प असाच राहिला असता आणि मला कधीच कळलं नसतं.

कंदी पेढा (सातारा)

आज इथं कोणी बोललं नसतं तर घरी तरी कुठं कळलं असतं?

हरिपूरकर

बंद पडते ना आता? मग आयर्विनला ४० फूट झालं की पोळपाट लावून ठेव.

पाना नंबर १२ (कराड)

ब्रीदर राहिलेत.

चिखलप्रेमी (सांगली)

येत्या रविवारी. पोळपाट मात्र नवीन आणायला सांगितलाय.