मदत हवी आहे: मुलगा बोलत नाही, घरातली कुठली भाषा बंद करू?

सई_डिचोली
नमस्कार, घाईत लिहितेय. मुलगा अजून बोलत नाही. घरात नवरा आणि सासूबाई कोंकणीत, मी मराठीत (माहेर गारगोटी), सांभाळायला येणारी ताई हिंदीत. परवा बालवाडीत चौकशीला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, पोर तीन भाषांत गोंधळलंय, एकच ठेवा. तेव्हापासून घरात रोज वाद. सासूबाईंच्या मते बंद व्हायची ती माझीच, हे सांगायला नकोच. कुठली बंद करू? आणि म्हापशाकडे चांगला स्पीच थेरपिस्ट कुणाला माहीत आहे का? लवकर सांगा.

फोंड्याचा_बाबू
वय?

जुनं_खोड
अजिबात घाबरू नका. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आज कोर्टात वकिली करतो, घरी गप्प बसवावा लागतो. वेखंड मधात उगाळून रोज सकाळी जिभेला चोळा. आमच्या आजीचा उपाय.

मांडवीकाठ
वेखंड पोटात गेलं तर पोर ओकत बसेल, काका. आणि तुमच्या भावाला वेखंडाने बोलतं केलं की चार वर्षांनी, ते कसं ठरवलंत?

अस्सल_मराठी
कोंकणी बंद करा. पुढे शाळेत मराठीच लागणार. प्राथमिक तरी मराठी माध्यमातच घाला, इंग्रजीच्या नादाला लागू नका.

मांडवीकाठ
झालं! ८७ सालचा गोव्याच्या राजभाषेचा, कोंकणी की मराठी, हा वाद आता पाळण्यात. शाळेचं कुणी विचारलंय का? माझ्या दोन्ही मुली घरात कोंकणी, आजोळी मराठी, शेजारी हिंदी ऐकत वाढल्या. धाकटी तर एकाच वाक्यात तिन्ही कोंबायची.

सई_डिचोली
वय सव्वादोन, लिहायचं राहिलं. शब्द सात-आठ: आई, उद (उदक), भू, ना, दे, असे. दोन शब्द जोडत नाही. मोबाईल फक्त जेवताना, त्यावरून लगेच सुरू होऊ नका. आणि ऐकायला उत्तम येतं. जन्मल्यावर कान तपासले होते, पास. पहाटे पोदेराचा भोंगा वाजला की दाराकडे धावतो.

पुणेरी_पाहुणा
पोदेर म्हणजे?

फोंड्याचा_बाबू
सायकलवरून पाव विकणारा. रबरी भोंगा पों पों करत येतो. रच्याकने, आमच्याकडचा हल्ली उंडे इतके लहान आणतो की दोन घासांत संपतात.

वाचा_सहायक
मी याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर. भाषा एकही बंद करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरायचे, 'उद'सुद्धा शब्दच. पण दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि 'आई दे' अशी जोडी यायला हवी. सात-आठ कमी आहेत, वाट बघत बसू नका.

आता भोंग्याकडे येऊ. तो भोंगा ऐकून धावतो, की सासूबाई पिशवी घेऊन उठल्या हे बघून? सर्दी वारंवार होते का? पाठमोरा असताना हळू हाक मारली तर वळतो? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो, दाखवताना तुमच्याकडे बघतो? जन्मवेळची चाचणी पास असली तरी पुढे ऐकणं कमी होऊ शकतं.

सई_डिचोली
बोटाने दाखवतो, बघतोही. सर्दी पावसाळाभर होती, पण ती गोव्यात कुणाला नसते? त्याला ऐकू येतं हो, उगीच घाबरवू नका.

सई_डिचोली (दुसऱ्या दिवशी)
आज सासूबाईंना पिशवी घेऊ दिली नाही. त्याला मागच्या खोलीत गाड्या मांडून दिल्या. पोदेर वळणावरून भोंगा वाजवत आला, फाटकाशी थांबून परत वाजवला. हा गाड्याच मांडत होता. मग सासूबाईंनी त्याच्यासमोर खुंटीवरची पिशवी काढली, आणि हा धावला. मी तिथेच खाली बसले.

वाचा_सहायक
ताई, बरं झालं बघितलंत. यावरून निदान होत नाही, खेळात रमलेलं मूलही वळत नाही. पण कान तपासून घ्याच. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) कान-नाक-घशाचा विभाग आहे, तिथून सुरुवात करा. कानाच्या पडद्यामागे पाणी आहे का तेही बघायला सांगा.

जुनं_खोड
पाणी असेल तर लसणाचं तेल कोमट करून कानात.

मांडवीकाठ
काकांचा आयडी कुणीतरी बंद करा.

सई_डिचोली (तीन आठवड्यांनी)
दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी निघालं. ऐकू येतं, पण दबून. डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा आपोआप ओसरतं, तीन महिन्यांनी परत दाखवा, नाही ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवायचं बघू. स्पीच थेरपी थांबायला नको म्हणाले, म्हणून तीही सुरू. भाषा तिन्ही चालू. आता बोलताना त्याच्यासमोर खाली बसायचं, तोंड दिसेल असं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या पाटावर बसून पेला समोर धरतात आणि 'उदक, उदक' म्हणतात. मी मागून 'पाणी' म्हटलं की डोळे वटारतात. जेवतानाचा मोबाईलही गेला, बाबूंनी टोमणा मारायच्या आधीच सांगते. म्हापशाकडच्या थेरपिस्टचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही, बांबोळी फार लांब पडते.

नवीन_सभासद
धागा वाचला नाही पूर्ण. वेखंड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल का?