‘कॉमन करन्सी’ला मराठीत काय म्हणावे?

दौतटाक : येत्या १५ नोव्हेंबरला, म्हणजे तुरुंगातल्या लेखकांसाठी पाळल्या जाणाऱ्या दिवशी, आमच्या ग्रंथालयात लावण्यासाठी पेन या जागतिक लेखकसंघटनेची सनद मी मराठीत करतो आहे आणि पहिल्याच कलमापाशी अडलो आहे. साहित्य सरहद्दी जाणत नाही आणि कितीही राजकीय उलथापालथी झाल्या तरी ते लोकांमध्ये ‘कॉमन करन्सी’ राहिले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. मी ‘चलनी नाणे’ लिहिले होते. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘सामायिक चलन’ केले. ते वाचून मला युरोच आठवतो. योग्य शब्द कोणता?

शब्दवेल्हाळ : खोडणे योग्यच होते. एखादा नट चलनी नाणे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो उद्या चालेलच असे नाही, हे त्यात गृहीत असते. सनदेला नेमके उलटे म्हणायचे आहे : राजवटी बदलल्या, नोटा बाद झाल्या, तरी हे चालत राहावे. मात्र ‘सामायिक’ लिहू नका. आमच्या शेजारच्या जैन आजी रोज अठ्ठेचाळीस मिनिटे बसून करतात ते सामायिक. सातबाऱ्यावर असते ते समाईक.

जुना मुद्रितशोधक : ‘सामायिक’ मी आयुष्यभर छापत आलो आहे आणि कोणी वाचक अडल्याचे आठवत नाही. उलट ‘समाईक’ला भाऊबंदकीचा वास आहे, समाईक विहिरीवरून आमच्या घराण्यात तीन पिढ्या बोलणे बंद आहे. माझे मत विचाराल तर ‘नाणे’च ठेवा. मृच्छकटिकात ‘नाणक’ येते, आणि कुशाणांच्या नाण्यांवरच्या नना देवीवरून तो शब्द आला असे अनेक अभ्यासक मानतात. सरहद्दी न मानणाऱ्या साहित्यासाठी स्वतःच सरहद्द ओलांडून आलेला शब्द!

शब्दवेल्हाळ : व्युत्पत्ती रम्य आहे, परंतु भित्तिपत्रकासमोर उभा राहिलेला वाचक कुशाणांपर्यंत जाणार नाही.

मरीन लाइन्स : मूळ मजकुराचा इतिहास पाहिला तर कदाचित वाट सापडेल. जुन्या सनदेत साहित्य ‘उगमाने राष्ट्रीय असले तरी’ असा तुकडा होता आणि ही करन्सी राष्ट्राराष्ट्रांमध्ये असावी असे म्हटले होते. पुढे तो तुकडा गळला आणि राष्ट्रांच्या जागी लोक आले. सनद १९४८ साली कोपनहेगनच्या अधिवेशनात संमत झाली, परंतु तिच्यामागची तळमळ त्याआधीची आहे. मे १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिनला पुस्तकांची होळी झाली आणि त्याच महिन्यात पेनच्या दुब्रोव्हनिकच्या अधिवेशनात जर्मनीतून निर्वासित झालेले नाटककार एर्न्स्ट टोलर यांना बोलू द्यायचे ठरताच जर्मन प्रतिनिधी उठून गेले. ज्या चलनाची तिथे गोष्ट होती ते खिशातले नव्हते. माणसामाणसांतली ये-जा होती. म्हणून मी ‘देवघेव’ सुचवतो.

जाता जाता : सोफिया वाडिया यांनी १९३३ सालीच मुंबईत स्थापलेल्या संस्थेला आम्ही विद्यार्थिदशेत पेनची ‘शाखा’ म्हणत असू. थिऑसॉफी हॉलमधल्या एका कार्यक्रमानंतर एका ज्येष्ठ कवींनी मला थांबवून ‘केंद्र म्हणा’ असे बजावले, कारण पेनची केंद्रे आपापला कारभार स्वतः पाहतात. भित्तिपत्रकावर कुठे ‘शाखा’ आले असेल तर बदला.

जुना मुद्रितशोधक : ‘देवघेव’ वाण्याच्या वहीत शोभते. शिवाय त्यात मूळ रूपक पुसले जाते, आणि रूपक पुसण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. तसेच ‘सरहद्दी’ कशाला? ‘सीमा’ हा शुद्ध शब्द असताना फारसीकडे उसनवारी का करावी?

शब्दवेल्हाळ : मग ‘सनद’ही काढावी लागेल, महोदय. ती अरबीतून आली आहे.

जुना मुद्रितशोधक : सनद मराठीत मुरली आहे.

शब्दवेल्हाळ : सरहद्द काल आली काय?

दौतटाक : सर्वांचे आभार. ‘शाखा’ दोन ठिकाणी होते, ते बदलले. बाईंना ‘देवघेव’ दाखवले, तेव्हा ‘नाण्यापेक्षा बरे’ इतकेच त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीने शेजारी प्रश्नचिन्ह काढले. मजकूर सोमवारी छपाईला जाईल.

मरीन लाइन्स : ‘सीमा’ केलेत की ‘सरहद्दी’ ठेवलेत?